वेणीला केस किती हवेत?

जून महिना उजाडला, मृगाचे चार थेंब पडले, की खेड्यापाड्यांतल्या घरांतून दोन कामे एकदमच निघतात. गडीमाणसे तिफण नीट करायला बसतात, आणि बायका पोरांच्या शाळेच्या तयारीला लागतात. गेल्या वर्षीचा झगा आखूड झालेला असतो, त्याची दुमड उसवायची. दप्तराचा बंद शिवायचा. आणि मुलगी असेल तर बाजारच्या दिवशी बांगडीवाल्याकडून दोन वार तांबडी फीत आणायची. फीत घरी येते, मुलगी ती दिवसभर हातात घेऊन नाचते, आणि सकाळी आई तिला पुढ्यात घेऊन बसली, की मग खरी पंचाईत सुरू होते. केस काही वेणीत बसत नाहीत! मागचे बसतात तर पुढचे सुटतात. एक बट आवरावी तो दुसरी उभी राहते. मग पाणी लावा, तेल थापा, ओढा, पुन्हा ओढा. मुलगी रडते, आई चिडते, आणि शाळेची घंटा तर झालेली असते.

मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. या बत्तीस वर्षांत आयांनी मला अभ्यासाविषयी जितके विचारले, त्याहून अधिक वेळा हे विचारले असेल : “बाई, हिचे केस वेणीला कधी येतील हो? किती लांब असले म्हणजे वेणी होते?” प्रश्न साधा वाटतो. मीही पुष्कळ वर्षे त्याचे साधेच उत्तर देत असे, “खांद्याला लागले की होईल.” हे उत्तर चूक आहे, हे मला एका मुलीमुळे कळले. तिची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे. आधी मापाचे पाहू.

खांद्याला लागले म्हणजे कुठले केस लागले? मागचे. मानेवरचा केस चार-सहा बोटे वाढला की खांद्याला लागतो, त्याला काही फार मजल मारायची नसते. कपाळावरच्या केसाला मात्र कपाळापासून निघून, कानावरून वळून, मागे मानेपाशी यायचे असते. जावळ काढलेल्या किंवा डोके बारीक केलेल्या मुलीचे सगळे केस एकाच दिवशी वाढू लागतात, म्हणून ते सगळे सारख्या लांबीचे असतात. मागून पाहिले तर वाटते, चांगले मानेखाली उतरले आहेत की! पण तेवढ्याच लांबीचा पुढचा केस अजून कानाच्या पाळीशी घुटमळत असतो. वेणीला जो अडतो तो हाच. तेव्हा माझे पहिले सांगणे असे, की केस पाठीवरून मोजू नका, कपाळावरून मोजा.

मोजायला पट्टी नको, टेप नको. मुलीला समोर बसवा. मधोमध भांग पाडा. भांग जिथे कपाळावर सुरू होतो तिथे तुमचा अंगठा ठेवा आणि हात कानाकडे पसरा. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर बाईमाणसाची करंगळी कानामागे, जिथून वेणी सुरू होते तिथे, जवळजवळ पोचते. म्हणजे ही झाली एक वीत, सुमारे २० सेंटिमीटर. एवढा केस नुसता वेणीच्या दारापर्यंत येण्यात खर्ची पडला. आता तीन पेड एकमेकांवरून निदान तीन-चार वेळा तरी जायला हवेत, त्याला चार बोटे धरा. टोकाशी फीत बांधायला दोन-तीन बोटे मोकळी हवीत, नाही तर गाठ घसरते. एकूण एक वीत आणि सहा-सात बोटे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. कपाळावरचा केस एवढा झाला, म्हणजे दोन बाजूंना दोन छोट्या वेण्या होतात. शेंडीएवढ्या होतील, पण होतील. आणि न ओढता होतील.

पुष्कळ शाळांतून मात्र वेण्या नुसत्या सोडलेल्या चालत नाहीत. त्या दुमडून, टोक वर कानापाशी नेऊन, फितीचे फूल बांधायचे असते. दिसायला सुरेख दिसते यात शंका नाही. पण दुमडायची म्हणजे वेणीच वीतभर हवी. आणि वीतभर वेणीला वीतभर केस पुरत नाहीत. हे पुरुष श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको. अंबाडीचा वाख घेऊन तुम्ही दावे वळता तेव्हा लांबी कमी होते की नाही? वेणीचेही तसेच आहे. पेड तिरका जातो, वळतो, दुसऱ्याला वळसा घालतो, त्यात लांबी मोडते. पेड बारीक असेल तर थोडी, जाड असेल तर जास्त. म्हणून गंमत पाहा, दाट केसांच्या मुलीची वेणी विरळ केसांच्या मुलीहून आखूड भरते, जरी मोकळे केस दोघींचे सारखे असले तरी. तेव्हा दुमडलेल्या वेणीला कपाळावरून सव्वादोन विती, ४५ सेंटिमीटरच्या आसपास केस लागतो.

गुरुजी, बाई, हा तुमच्या गणिताच्या तासाला चांगला विषय आहे. मुलांना सुतळीचे तीन सारखे तुकडे आणायला सांगा, मोजायला लावा, तिपेडी वेणी घालून पुन्हा मोजायला लावा. मग जाड दोरीचे तीन तुकडे घ्या. दोन्हींत फरक किती पडला तो फळ्यावर मांडा. मुलगेही वेणी घालायला शिकतील, त्यात काही बिघडत नाही. बैलाच्या गोंड्यालाही वेणीच असते.

ज्यांचे केस एवढे नाहीत त्यांना वेणीच नाही, असेही नाही. डोक्याला लागून घालायची एक वेणी असते, तिला कुणी सागरवेणी म्हणतात. कपाळाशी तीन लहान बटा घेऊन सुरुवात करायची आणि प्रत्येक वळणाला आजूबाजूचे थोडे थोडे केस तिच्यात घेत मागे जायचे. हिच्यात प्रत्येक केसाला थोडेच अंतर चालावे लागते, पुढे दुसरा त्याची जागा घेतो. म्हणून सहा-सात बोटांचे केसही हिच्यात राहतात. आफ्रिकेतल्या बायका तर दोन इंच केसांच्याही अशा डोक्याला चिकटलेल्या ओळी घालतात. त्यांचा केस जात्याच कुरळा, एकमेकांना धरून राहणारा. आपल्याकडचा सरळ, गुळगुळीत केस तेवढ्यावर सुटून जातो.

आता दुसरा प्रश्न, एवढा केस वाढायला दिवस किती लागतात? डोक्यावरचा केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर झाला. म्हणजे डोके बारीक केले, की साध्या आखूड वेणीला दोन ते अडीच वर्षे, आणि दुमडलेल्या वेणीला तीन ते चार वर्षे. याला कुठलेही तेल, कुठलाही पाला, कुठलाही नवस घाई करू शकत नाही. तेलाने केस मऊ राहतो, गुंता कमी होतो, तुटणे कमी होते. ते जरूर लावावे. पण केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून. बाहेर आलेला केस हा नखासारखा निर्जीव असतो. त्याला तेल पाजले म्हणून तो लांबत नाही.

ही वर्षांची बेरीज मी आज तुम्हाला अशी तोंडपाठ सांगते आहे, पण ती मी प्रथम केली ती एका घराच्या ओटीवर बसून. तीच ती गोष्ट.

मी नोकरीला लागून दोन-तीनच वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावची शाळा. पाचवीपासून मुलींना दोन वेण्या, वर बांधलेल्या, तांबड्या फिती, असा नियम. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी गणवेश, नखे आणि केस पाहायचे काम माझ्याकडे होते, आणि मी ते मोठ्या उत्साहाने करीत असे. त्या जूनमध्ये पाचवीत एक मुलगी आली. दिवाळीत तिला विषमज्वर, तुम्ही टायफॉईड म्हणता तो, झाला होता. संक्रांतीच्या सुमाराला केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा आईने घाबरून डोके बारीक करून टाकले. जूनमध्ये केस चार बोटेही भरत नव्हते. पहिल्या दिवशी मी तिला रांगेबाहेर उभी केली. दुसऱ्या दिवशीही केली. “उद्या वेण्या घालून ये,” म्हटले. त्या वेळी मला ते शिस्तीचे वाटले.

तिसऱ्या दिवशी ती खरोखरच वेण्या घालून आली! मला वाटले, पाहा, सांगितले की होते. दुपारी ती बाकावर डोके टेकून रडताना दिसली. जवळ जाऊन पाहिले. आईने काळी लोकर आणि कुणाचे तरी जुने गंगावन घेऊन, त्या चार बोटांच्या केसांचे दोन झुपके करून, त्यांना दोऱ्याने करकचून बांधले होते. कानशिलावरची कातडी ओढून लाल झाली होती, केसांच्या मुळांशी बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. डोळ्यांच्या कडासुद्धा ताणलेल्या. मी दोरा कापला. दोऱ्याबरोबर केस आले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठ दिवस वाट पाहून मी घरी गेले. आईने पाट दिला, चहा ठेवला, वावगा शब्द बोलली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणालात ना वेण्या हव्यात म्हणून?” वडील गोठ्यातून आले. ते म्हणाले, “वेण्या येऊ द्या तिला, मग पाठवतो.” अगदी साधेपणाने म्हणाले. पीक आल्यावर देणे फेडतो म्हणावे, तसे. आणि मी त्या ओटीवर मनातल्या मनात हिशेब करू लागले, की चार बोटांचे सव्वादोन विती व्हायला किती महिने लागतील. तीन वर्षे! पाचवीची मुलगी आठवीच्या वयाची होईल. आणि तीन वर्षे घरी बसलेली, भांडी-पाणी, धाकटे भावंड अंगावर घेतलेली मुलगी परत येऊन पाचवीच्या बाकावर बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. माझ्या एका वाक्याने तिची शाळा संपत आली होती.

मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले. त्या कडक होत्या, पण हिशेब ऐकून गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी सूचनावहीत ओळ आली, की ज्यांचे केस वेणीजोगे नाहीत त्यांनी ते स्वच्छ विंचरून, फीत डोक्यावरून पट्ट्यासारखी बांधावी. मुलगी आली. तिच्या डाव्या कानशिलावर बोटाच्या पेराएवढी जागा मात्र पुढेही विरळच राहिली. ती माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षे रोज बसत असे.

हे ओढण्याचे दुखणे तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगते. केस रोज त्याच जागी, त्याच दिशेने जोराने ओढला, की त्याचे मूळ हळूहळू निकामी होते. सुरुवात कानशिलांपाशी आणि कपाळाच्या कडेला होते. आधी बारीक पुटकुळ्या, मग तुटके आखूड केस, मग भांग रुंद दिसू लागतो. या वेळी ओढणे थांबवले तर केस पुन्हा येतात. वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवले, तर त्या जागी पुन्हा येतच नाहीत. खूण सोपी आहे. वेणी घातल्यावर मुलीच्या भुवया वर चढल्या असतील, किंवा ती “डोकं दुखतं” म्हणत असेल, तर वेणी घट्ट झाली. ती कांगावा करीत नाही. वेणी सोडा आणि पुन्हा घाला. आणि ओल्या केसांची वेणी घालू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. घाईच्या सकाळी पाणी लावून चापूनचोपून बसवण्याची आपली जी सवय आहे, ती मुळांना महाग पडते.

आणखी एक गैरसमज. “पुन्हा पुन्हा गोटा केला म्हणजे केस दाट येतात,” असे पुष्कळ घरांतून सांगतात, आणि तीन-चार वर्षांच्या मुलीचे डोके दर उन्हाळ्यात साफ करतात. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ आणि दाट लागतो इतकेच. मुळे जितकी होती तितकीच असतात. जावळ एकदा काढा, रीत आहे, कौतुक आहे. त्याला मी नाही म्हणत नाही. पण दर उन्हाळ्याला हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, एवढे ध्यानात ठेवा. उलट, टोके फाटली की बोटभर कापावीत. त्याने वाढ थांबत नाही.

आणि सगळ्यांचे केस कमरेपर्यंत येतच नाहीत. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग थांबतो, दोन-तीन महिन्यांनी गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो. कुणाचा केस दोन-तीन वर्षेच वाढतो, कुणाचा सहा वर्षे. ज्याचा त्याचा हा वारसा असतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे तर चालायचेच. डोक्यावर एक लाखाच्या आसपास केस असतात. फणीला आलेले गुंतवळ पाहून हाय खायला नको. पूर्वीच्या बायका ते साठवून ठेवीत आणि दारावर आलेल्या फेरीवाल्याला देऊन सुया-पोत घेत. मोठा ताप, बाळंतपण, मोठे आजारपण झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात. ते जवळजवळ नेहमी पुन्हा येतात. त्या मुलीच्या आईला हे कुणी सांगितले असते, तर तिने डोके बारीक केलेच नसते. डॉक्टरांनी ताप उतरवला, पण केसांविषयी सांगायला कुणाला सुचले नाही.

गुरुजी आणि बाई, तुम्ही वर्गात केस पाहताच, तर वेणीची लांबी पाहण्यापेक्षा दुसरे काही पाहता येईल. एखाद्या मुलाचे केस विरळ, निस्तेज, पिंगट होत चालले असतील आणि सहज हातात येत असतील, अंगही वाळत असेल, तर पोटाला पुरेसे डाळ-दूध-अंडे मिळत नसेल. उन्हानेही केस पिंगट होतात, म्हणून नुसत्या रंगावरून ठरवू नका. पण पाहा, विचारा. डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडली तर ती चाई असेल. खवले आणि खाज असेल तर गजकर्ण. दोन्हींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. भिलाव्याने वा लसणाने डोके जाळून घेऊ देऊ नका.

आता उवा. मुलींची डोकी भादरली जातात ती बहुतेक उवांपायी. उवा झाल्या म्हणजे घर घाणेरडे, असे नव्हे. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. शेजारी शेजारी बसून एका पाटीत पाहणाऱ्या मुलींना ती होणारच. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. ओल्या, तेल लावलेल्या केसांतून, बटेबटेने, मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. ओल्या केसांची वेणी नको म्हटले ते वेगळे. इथे तेलाने केस निसरडे झालेले असतात, हात मात्र हलका ठेवा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहा, नाही तर ऊ आजीच्या डोक्यातून नातीकडे परत येते. आरोग्य केंद्रात औषधही मिळते. ते आठवड्या-दीड आठवड्याने दुसऱ्यांदा लावावे लागते. आणि हात जोडून सांगते, डोक्याला रॉकेल लावू नका, आणि कपाशीवर मारायचे औषध तर कधीच, कधीही नाही. रॉकेलाने मुली भाजल्या आहेत, आणि शेतातले विष डोक्याच्या कातडीतून अंगात उतरते. उवेपायी जीव घालवायचा नाही.

केस लांब आहेत पण वेणी होत नाही, असेही काही घरांत घडते, आणि त्याविषयी बोलल्याखेरीज मला राहवत नाही. आजारपणात, बाळंतपणात, किंवा आईवेगळ्या मुलीच्या डोक्याला कितीतरी दिवस फणी लागत नाही. घाम, धूळ, तेल यांनी गुंता घट्ट होतो, नमद्यासारखा बसतो. त्यालाच जट म्हणतात. आणि जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले, तिला कात्री लावायची नाही, अशी भीती घालतात. जटेच्या नावाखाली कितीक मुली देवीला सोडल्या गेल्या, त्यांचे पुढे काय झाले हे सीमेवरच्या गावांना चांगले ठाऊक आहे. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने मुलीला असे सोडणे हा गुन्हा ठरवला आहे. जट म्हणजे न विंचरलेला केस. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तेल लावून, बोटांनी, टोकाकडून थोडी थोडी सोडवली तर ती सुटतेही. न सुटली तर कापावी. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन घरच्यांची समजूत घालून हे काम करीत आले आहेत. मानेवरचे ओझे उतरल्यावर बायांना रात्री कुशीवर निजता येऊ लागते. इतकी साधी गोष्ट, पण वर्षानुवर्षे त्यांना ती मिळालेली नसते.

शाळेच्या नियमाविषयी एकच. नियम असावा. केस बांधलेले असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, स्वच्छ असावेत. त्याला कुणाचीच ना नाही. पण बांधणे हे मुलीच्या हाती आहे, लांबी तिच्या हाती नाही. आखूड केसाला पट्टा, पिना, एक फीत, काहीही चालावे. वेणी नाही म्हणून रांगेबाहेर उभे करणे, वेणी ओढणे, सगळ्यांसमोर बटा कापणे, ही शिक्षाच आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देणे बंद केले आहे. कायदा आला तेव्हा मी निवृत्तीला आले होते. वाचताना मला ती प्रार्थनेची रांग आठवली.

आता ज्यांच्या मुलींचे केस मापाला उतरले आहेत, त्यांच्यासाठी थोडेसे. गुंता टोकापासून सोडवा, मुळापासून नव्हे. एका हाताने केस मध्ये धरून ठेवा, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत जात नाही. भांग दर काही दिवसांनी बोटभर इकडे-तिकडे करा. पहिले दोन वळसे सैल ठेवा, वेणी मागाहून घट्ट होत जाऊ द्या. रबर बांधायचे तर कापड गुंडाळलेले. सायकलच्या ट्यूबचे कापलेले नको, ते केस धरून ठेवते आणि काढताना तोडते. आणि फीत संध्याकाळी मुलगी शाळेतून आली की सोडा. वेण्या मोकळ्या करून, बोटांनी डोके चोळून, हवी तर एकच सैल वेणी घालून तिला निजू द्या. फीत धुऊन उशाखाली घडी घालून ठेवली, तर सकाळी इस्त्रीची गरज पडत नाही.